मृगाजिन : पर्वतीपासून सुप्याच्या माळापर्यंत

संध्येचें आसन, मुंजींतील अजिन आणि माजघराच्या भिंतीवरचें वाघाचें कातडें हीं आपल्या जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलीं आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योग्याच्या आसनाचें वर्णन येतें. खालीं कुश, त्यावर अजिन आणि सर्वांवर वस्त्र, असा त्याचा क्रम टीकाकार लावितात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्रह्मचाऱ्यांचीं उत्तरीयें सांगितलीं आहेत. त्यांत ब्राह्मण बटूस कृष्णमृगाचें, क्षत्रिय बटूस रुरु नांवाच्या मृगाचें व वैश्य बटूस बोकडाचें कातडें विहित आहे. त्याच अध्यायांत आणखी एक श्लोक आहे, त्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. जेथें कृष्णसार मृग स्वभावतःच हिंडतो तो देश यज्ञाला योग्य समजावा, असा त्याचा आशय आहे. एका वचनांत मृगाचें कातडें आहे, दुसऱ्यांत जिवंत मृग आहे. या दोन वचनांमध्यें अंतर किती, हें पाहण्यासाठीं आम्हीं गेल्या पौषांत पुण्याहून एक लहानसा प्रवास केला. त्याला एक घरगुती कारणही होतें. तें ओघानें पुढें येईलच.

अशा प्रवासाचा आरंभ पर्वतीच्या पायथ्यापासून करणें योग्य. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना याच पायथ्याशीं होता. नांव शिकारखाना असलें तरी तेथें जनावरें मारीत नसत; तीं पाळलेलीं व पाहावयास ठेवलेलीं असत. पेशव्यांच्या दरबारीं असलेला इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यानें तो पाहिला होता. पुढें राज्य गेलें, शिकारखाना गेला आणि त्याच परिसरांत १९५३ सालीं पुण्याच्या नगरपालनसंस्थेनें पेशवे पार्क उभें केलें. तेथील जनावरें १९९९ च्या सुमारास कात्रजच्या नव्या प्राणिसंग्रहालयांत हलविण्यांत आलीं. आज सारसबागेंत गणपतीचें दर्शन घेऊन भेळ खाणाऱ्या मंडळींस, आपण एकेकाळीं वाघाची डरकाळी जेथें ऐकूं येत असे तेथें उभे आहों, याची कल्पनाही नसते.

शिकार हा त्या काळीं राजेरजवाड्यांचा नित्याचा खेळ होता. माळावर काळविटांच्या मागें शिकविलेले चित्ते सोडीत. कोल्हापूर दरबारानें तर ही पद्धत विसाव्या शतकांतही चालू ठेवली होती, आणि देशांतले चित्ते मिळेनासे झाले तेव्हां आफ्रिकेंतून आणविले. शिकार झाली म्हणजे मांस संपून जाई. मागें राही तें शिंग आणि कातडें. परंतु कातडें मागें राहणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. ज्यांनीं तें केवळ भिंतीवर पाहिलें त्यांस ही बाजू ठाऊक नसते, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों.

जनावर पडल्यापासून कातड्याचा नाश सुरू होतो. आपल्याकडील उन्हाळ्यांत कांहीं तासांतच तें कुजूं लागतें. कुजण्याचें पहिलें लक्षण म्हणजे केस सुटणें. वरून कातडें धड दिसतें, पण बोटानें ओढतांच केसांचा पुंजका हातांत येतो. आणि एकदां केस सुटूं लागले कीं पुढें कोणताही उपाय चालत नाहीं. म्हणून जाणता शिकारी जनावर छावणीवर नेण्याची वाट न पाहतां तेथेंच सावलींत सोलावयास घेई. हनुवटीपासून शेपटीपर्यंत पोटाच्या मध्यावर एक सरळ छेद, चारी पायांच्या आंतल्या अंगानें चार छेद, आणि मग सुरीपेक्षां मुठीनें अधिक काम घेऊन कातडें अलग करणें, अशी रीत असे. पाठीमागची चरबी आणि मांसाचे धागे खरवडून काढावे लागत, कारण चरबी राहिली तर तेथें मीठ आंत शिरत नाहीं. त्यानंतर बारीक मीठ मुबलक घेऊन तें आंतल्या बाजूस चोळीत. कान आंतून उलटवून, ओठ चिरून, पंजांच्या गादीखालींही मीठ भरावें लागे. कातडें कुजावयास आरंभ होतो तो याच आडजागीं. मिठानें कातड्यांतलें पाणी बाहेर ओढलें जातें, आणि पाणी गेलें कीं कुजविणाऱ्या जंतूंचें कांहीं चालत नाहीं. दुसऱ्या दिवशीं भिजलेलें मीठ झटकून पुन्हां कोरडें मीठ चोळावयाचें. कांहीं जण मिठांत तुरटी मिसळीत. तुरटीनें केसांचीं मुळें घट्ट धरलीं जातात, मात्र कातडें ताठ होतें.

यानंतर नवशिके लोक एक चूक हटकून करीत. लवकर वाळावें म्हणून ते कातडें भर उन्हांत पसरीत. उन्हानें वरचा थर करपून कठीण होतो, आंतला ओलावा तेथेंच कोंडतो आणि आंतून कूज सुरू होते. म्हणून तें सावलींत, वाऱ्यावर, दोरीवर टाकून सावकाश वाळवावें, असा नियम होता. पावसाळ्यांत हा नियम पाळणें जवळजवळ अशक्य. मिठानें कातडें कांहीं महिने तग धरतें. कायमचें टिकावयास तें कमवावें लागतें. आपल्या प्रांतीं बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांच्या तुरट पाण्यांत तें दिवसचे दिवस मुरवीत. हें काम ढोर समाजाचे कारागीर करीत. ज्या हातांनीं हा दुर्गंध सोसला त्या हातांस आमच्या वाड्यांच्या ओसरीवर जागा नव्हती, आणि त्याच हातांखालून गेलेलें कातडें मात्र आमच्या देवघरांत सोवळ्यांत बसत असे. ही विसंगति आमच्या आजोबा-पणजोबांस खटकली नसेल; आम्हांस ती खटकते, आणि ती लिहून ठेवणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

कातड्याला दुसरा शत्रु किड्यांचा. केसाळ अळीचे कांहीं किडे वाळलेलें कातडें, पीस, लोंकर सारें कुरतडून टाकतात. त्यावर अठराव्या शतकांत फ्रान्समधील मेट्स गांवच्या बेकर नांवाच्या औषधविक्यानें एक साबण शोधून काढला. सोमल, साबण, कापूर, चुना आणि एक क्षार हे त्याचे घटक. त्यानें जिवंतपणीं तो गुप्त ठेवला. कृति प्रसिद्ध झाली ती त्याच्या मृत्यूनंतर, १८०० सालीं. हा सोमलाचा साबण आंतून चोळला कीं किडा शिवत नाहीं. पुढें शंभर-सवाशें वर्षें जगांतील संग्रहालयें या विषावर उभीं राहिलीं. सोमल हा उडून जाणारा पदार्थ नव्हे. म्हणून जुनें पेंढा भरलेलें जनावर किंवा पक्षी घरांत असेल तर त्याची धूळ झाडणें, तें मुलांच्या खेळण्यांत देणें, किंवा उघड्या हातानें तें वरचेवर हाताळणें अगदीं टाळावें. आज संग्रहालयांतले लोकही असे जुने नमुने हातमोजे घालूनच हाताळतात.

आतां कातडें टिकविण्याचे हेतु दोन. एक मिरविण्याचा, दुसरा जाणण्याचा. या दोन हेतूंमधील फरक एका कागदाच्या चिठ्ठींत सांठविलेला आहे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं स्थापन झाली. तिनें १९११ पासून १९२३ पर्यंत हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची पाहणी केली, आणि त्या पाहणीचा पहिला वृत्तांत आपल्या खानदेशाचा होता. या मंडळींचे संग्राहक तंबू घेऊन रानोमाळ हिंडत. उंदीर, चिचुंदरी, खार असलीं क्षुद्र जनावरें पकडीत. सोलून कापूस भरीत आणि प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधीत. चिठ्ठीवर गांव, तारीख, नर कीं मादी, आणि मापें. चिठ्ठी असलेली उंदराची कातडी शास्त्राला हवी असते. चिठ्ठी नसलेलें राजेशाही वाघाचें कातडें त्याच्या लेखीं निव्वळ चामडें. आमच्या संस्कृत पोथ्यांचेंही असेंच आहे. ज्या पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, शक आणि गांव आहे, तिच्यापुढें संशोधक हात जोडतो.

या जाणण्याच्या हेतूचा आमच्या पुण्याशीं निकटचा संबंध आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या फौजेंतील अधिकारी १७९० सालीं जन्मला. १८२४ च्या आक्टोबरांत गव्हर्नर एल्फिन्स्टननें त्याला दख्खनची आंकडेवारी गोळा करण्याच्या कामीं नेमिलें. लोकसंख्या, पिकें, पाऊस, गडांची उंची, सर्व कांहीं त्यानें मोजलें आणि त्याबरोबर दख्खनचे पशुपक्षीही जमविले. ती जागा सरकारनें १८२९ च्या अखेरीस बंद केली, तरी हातीं घेतलेलें काम पुरें करून तो १८३१ सालीं आपला संग्रह घेऊन विलायतेस गेला. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढें त्यानें १८३१ सालीं सस्तन प्राण्यांची आणि १८३२ सालीं पक्ष्यांची यादी मांडली. आमच्या माळावरचा लांडगा, सह्याद्रींतला कोळसून आणि चिंकारा या तिघांचीं शास्त्रीय नांवें त्या १८३१ च्या यादींतलीं आहेत. कोळसुनाला त्यानें ‘दुखुनेन्सिस’ म्हणजे दख्खनचा असें नांव दिलें. माळावरच्या खोकडाला ‘कोक्री’ म्हटलें, एका चंडोलाला ‘देवा’ आणि एका लहानशा वटवट्याला ‘रामा’ म्हटलें. देवा आणि रामा हीं नांवें आजही चालू आहेत. लॅटिन विभक्तींच्या गर्दींत आपले देव आणि राम असे अचानक भेटले म्हणजे संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मास्तराला कोण आनंद होतो, हें वाचकांनींच समजून घ्यावें.

साइक्स हा परक्या सत्तेचा नोकर होता आणि त्यानें जमविलेला खजिना परदेशीं गेला, हें खरें. तथापि आमच्या माळावर दोनशें वर्षांपूर्वीं काय होतें याची नोंद त्याच्यामुळेंच उरली, हेंही तितकेंच खरें. स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं भारतीय प्राणि सर्वेक्षणाचें पश्चिम विभागीय केंद्र पुण्यांत निघालें. तें आज आकुर्डीस आहे. आपल्या प्रांतांतील प्राण्यांच्या नमुन्यांचा सांभाळ आतां आपलींच माणसें करीत आहेत.

कातड्यांची आणि कागदांची ही हकीकत मनांत घोळवीत, धाकटी सून आणि नातू यांस बरोबर घेऊन आम्ही स्वारगेटहून सकाळच्या एस.टी.नें निघालों. हडपसर मागें टाकून दिवे घाट चढूं लागलें कीं पुणें धुक्यांत खालीं राहतें. याच घाटानें आषाढांत ज्ञानोबांची पालखी सासवडास जाते. सासवडास सोपानदेवांची समाधि, पुढें जेजुरीस खंडोबा, त्यापुढें कऱ्हेच्या कांठीं मोरगांवचा मयुरेश्वर. देवस्थानें अशीं ओळीनें भेटतात, तसतसें रान मात्र उघडें आणि कोरडें होत जातें. मोरगांवास दर्शन घेऊन आम्ही बारामती तालुक्यांतील सुप्यास पोहोंचलों. तेथील माळावर १९९७ सालीं सरकारनें एक अभयारण्य केलें आहे, त्यालाही मयुरेश्वराचेंच नांव आहे. क्षेत्र अवघें पांच चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक. अभयारण्य म्हटल्याबरोबर ज्यांच्या डोळ्यांपुढें घनदाट झाडी उभी राहते, त्यांची येथें निराशाच होईल. पिवळें पडलेलें गुडघाभर गवत, मधून मधून हिवर, बाभूळ, बोर, आणि जागोजाग तरवडाचीं झुडपें. ज्या तरवडाच्या सालीनें कातडीं कमावीत, तोच तरवड येथें जिवंत मृगांना आडोसा देत उभा होता.

सुमारें अर्ध्या तासानें नातवानें आमचा हात दाबला. शेंदीडशें पावलांवर तीन चिंकारे चरत होते. तपकिरी-तांबूस अंग, पोट पांढरें, तोंडावर काळसर पट्टे. उंची जेमतेम आमच्या मांडीइतकी. नराचीं शिंगें वळीदार, मादीचीं बारीक. शेपटी मात्र अखंड हलत होती.

“आजोबा, तो शेपटी कां हलवतो सारखी?”

“माशा हांकायला म्हण, किंवा आपल्या सोबत्यांना खूण म्हणून. तुझ्या आजोबालाही तो सगळें सांगत नाहीं,” आम्ही म्हणालों.

तेवढ्यांत नरानें पुढचा पाय जमिनीवर आपटला, शिंक आल्यासारखा आवाज केला आणि तिघेही दोन उड्यांत गवतापलीकडे दिसेनासे झाले. हा प्राणी पाण्यावांचून पुष्कळ काळ राहूं शकतो. पाल्यांतला रस आणि पहांटेचें दंव त्याला बरेच दिवस पुरतें. अशा भुकेल्या, तहानलेल्या माळालाच तो शोभतो. सरकारी दफ्तरांत मात्र असल्या माळाला वर्षानुवर्षें ‘पडीक’ म्हणत आले, आणि पडीक म्हटलें कीं तेथें कांहींतरी बांधावें किंवा झाडें लावावीं असें कोणाच्याही मनांत येतें. कृष्णसार पाहावयाचा असेल तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीस जावें; तेथें १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें. तेंही लहानसेंच.

आतां तें घरगुती कारण. आमच्या वडिलांचें संध्येचें आसन कृष्णाजिनाचें होतें. १९७२ सालीं वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला तेव्हां वडिलांनीं तें रीतसर कळवून मालकीचा दाखला घेतला. त्यांच्या पश्चात् तो दाखला थोरल्या बंधूंच्या नांवें झाला. दादांनीं आतां वयाची ऐशी ओलांडली आहे. अशी वस्तु विकतां येत नाहीं. मालकाच्या मृत्यूनंतर ज्याच्याकडे ती येईल त्यानें नव्वद दिवसांच्या आंत वनखात्यास निवेदन करावें लागतें. दादांच्या मागें मुलें चार गांवीं विखुरलेलीं. १९७२ च्या कायद्यांत २०२२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें एक नवी वाट उघडली आहे. दाखला असलेल्या मालकास तसली वस्तु ठेवण्याची इच्छा नसेल तर ती वनखात्याच्या स्वाधीन करतां येते. मोबदला मिळत नाहीं, आणि वस्तु सरकारची होते. दादांनीं निर्णय आम्हांवर सोपविला होता.

सुप्याहून परतल्यावर रात्रीं सर्व मंडळी जेवणानंतर माजघरांत बसलीं. थोरल्या वहिनींचा विरोध होता.

“भावजी, मामंजी त्यावर बसून पन्नास वर्षें संध्या करीत होते. तें का सरकारी कोठारांत पडूं द्यायचें? माझ्या देवघरांत त्याचें काय वावगें आहे?”

प्रश्न रास्त होता. वहिनींनीं त्या आसनाला उन्हाळ्यांत हवा दिली होती, पावसाळ्यांत कडुनिंबाचा पाला घालून जपलें होतें. तरीही त्याच्या कडेचे केस गळून चामडें उघडें पडलें होतें. आम्ही त्यांस वाद घालून जिंकूं शकलों नसतों. उत्तर दिलें तें धाकट्या सुनेनें. ती म्हणाली, “आत्याबाई, आजेसासऱ्यांची संध्या त्या कातड्यांत नाहीं, त्यांनीं शिकवलेल्या मुलांत आहे. आणि उद्यां आमच्यापैकीं कोणी तें जपूं शकलें नाहीं, कसर लागली, किंवा कागद करायचा राहिला, तर त्यांच्याच वस्तूचा अपमान होईल.”

वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्या उठल्या, आसन घेऊन आल्या, त्यावर एकदां हात फिरविला आणि म्हणाल्या, “द्यायचेंच तर नीट स्वच्छ धुतलेल्या वस्त्रांत बांधून द्या. आणि कोणाचें होतें तें लिहून द्या.” शिकलेल्या संग्राहकांस जी गोष्ट नियम म्हणून शिकवावी लागते, ती त्यांना मायेनें सुचली. आम्हीं त्याप्रमाणें चिठ्ठी लिहिली. वडिलांचें नांव, गांव आणि किती वर्षें तें आसन वापरांत होतें तें तिच्यावर घातलें. नियमाप्रमाणें आगाऊ सूचना देऊन दादांनीं तें स्वाधीन केलें.

वाचकांच्या घरीं अशी एखादी वस्तु असेल, तर तिचा दाखला आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें आणि कांहींही करण्यापूर्वीं जाणत्या वकिलाचा अथवा वनखात्याचा सल्ला घ्यावा. बाजारांत ‘अस्सल मृगाजिन’ म्हणून कोणी कांहीं दाखविल्यास तें घेऊं नये. तें अस्सल असेल तर विकत घेणें गुन्हा, आणि नकली असेल तर पैसे वायां. संध्येस दर्भाचें किंवा लोंकरीचें आसन पुरेसें आहे. येत्या वैशाखांत आमच्या नातवाची मुंज आहे, आणि गुरुजींशीं तसें ठरलेंही आहे.

राहतां राहिला मनूचा तो दुसरा श्लोक. यज्ञाला योग्य भूमीची खूण त्यानें सांगितली ती जिवंत, आपल्या मर्जीनें हिंडणाऱ्या मृगाची. अजिन टिकवावयास मीठ, तुरटी, सोमल लागतात. मृग टिकवावयास फक्त माळ लागतो, आणि तो माळ पडीक नाहीं एवढें मान्य करणारीं माणसें. मुलांची सुटी असेल तेव्हां कोणाही कुटुंबानें दिवे घाट ओलांडून सुप्यास एक सकाळ घालवावी. बरोबर पाणी न्यावें, आवाज करूं नये, आणि शक्य तर आजीआजोबांसही न्यावें. ज्यांनीं आयुष्यभर कातड्यावर बसून जप केला, त्यांनीं एकदां तरी तें कातडें धांवतांना पाहावें, असें आम्हांस मनापासून वाटतें.